आईच्या हाकेवरचा कळप

आमच्या घराला पत्ता होता, पण तेवढ्यावर कुणी आमच्याकडे पोहोचत नसे. पश्चिम टेक्सासातला डांबरी रस्ता सोडला की पांढऱ्या चुनखडीचा कच्चा रस्ता लागे, आणि तो इतका लांबत जाई की आपण चुकलो अशी खात्री पटून पाहुणे परत फिरत. जे फिरत नसत त्यांना शेवटी जमिनीत आडवे बसवलेले लोखंडी पाइप लागत. त्यांवर गुरं पाय टाकत नाहीत, गाड्या मात्र जातात, आणि गाडी गेली की असा खडखडाट होई की तो ऐकून आई चहाचं आधण वाढवी. दारावर घंटा आमच्याकडे कधी नव्हतीच. घरामागे पवनचक्की होती. तिची पाती फिरताना कुईं असा लांब सूर निघे आणि मग खाली नळीत दांडा ठक करी. पहिल्या आठवड्यात त्या आवाजाने मला झोप येईना. पुढे वारा पडून चक्की थांबली की त्या शांततेने जाग येऊ लागली. आज मी व्हर्जिनियात अ‍ॅशबर्नला राहते. घरामागे डेटा सेंटरच्या बिनखिडक्यांच्या इमारती आहेत आणि त्यांच्या पंख्यांची घरघर सतत चालू असते. शेजारी तक्रारी करतात. मला तो आवाज सोबतीसारखा वाटतो.

मी पाचवीपर्यंत सांगोल्याच्या मराठी शाळेत शिकले आणि तिथून थेट या रानात आले. खरं तर माझं मराठी पाचवीतच राहायचं. आईने ते राहू दिलं नाही. ती गणिताची शिक्षिका, पण रोज संध्याकाळी भाकरी थापता थापता मला शुद्धलेखन घाली, आणि वेलांटी चुकली की पिठाच्या हाताने माझ्या वहीवर बोट ठेवी. तिचा आवाज शाळेच्या पटांगणात तयार झालेला होता. सांगोल्याला प्रार्थनेच्या वेळी माइक बंद पडला की मुख्याध्यापक तिला पुढे बोलवत. इथे त्या आवाजाला ऐकणारी मुलं उरली नव्हती, फक्त मी होते. बिचारीचा आवाज वाया चालला, असं मला तेव्हा वाटे.

बाबा गुरांचे डॉक्टर. त्यांच्या वडिलांकडे माणदेशी खिलार बैल होते आणि बाबा चालायला शिकले तेच बैलाच्या पायाला धरून, असं आजी सांगायची. परभणीला पदवी घेऊन ते टेक्सासच्या विद्यापीठात कुरणांचा अभ्यास करायला आले. तिथे असताना एका सहलीत त्यांना मिस एड्नाचं रँच, म्हणजे गुरांचं मोठं रान, दिसलं. मिस एड्ना म्हणजे एक उंच, काटक, विधवा म्हातारी; लग्न झालेल्या बाईलाही तिकडे आदराने मिसच म्हणतात. तिच्या नवऱ्याने हयातभर ब्रामा जातीची गुरं पाळली होती. ही जात अमेरिकनांनी आपल्याकडून नेलेल्या गुरांपासूनच तयार केली आहे. करडा रंग, पाठीवर वशिंड, लोंबते कान, गळ्याखाली झुलणारी कातडी. बाबा सांगत, मी गाडीतून उतरलो आणि कुंपणापलीकडे ती गुरं पाहिली तेव्हा मला कुणीतरी माझ्या नावाने हाक मारल्यासारखं झालं. त्यांनी कुंपणावरून हात घालून एका गायीच्या मानेखाली खाजवलं, आणि मिस एड्नाने तिथल्या तिथे त्यांना विचारलं की तुला इथे काम करायचं आहे का. न्यूयॉर्कचे ते मनोरे पडले त्याच सालच्या शेवटी आई आणि मी बाबांकडे आलो. गावातल्या दुकानात लोक आमच्याकडे टक लावून बघत. मिस एड्ना आईचा हात धरून दुकानभर फिरली, प्रत्येकाला थांबवून तिची ओळख करून दिली, आणि त्यानंतर बघणं बंद झालं नाही तरी बघणाऱ्यांनी टोपीला हात लावून मान द्यायला सुरुवात केली.

म्हातारी थकली तेव्हा तिच्याकडे गिऱ्हाइकांची रीघ लागली. डॅलसच्या श्रीमंतांना हरणांच्या शिकारीसाठी ती जमीन हवी होती. आमचे शेजारी मिस्टर हॉलिस यांनाही ती आपल्या कुरणाला जोडायची होती. तिने रँच बाबांना दिलं, पैसे जमतील तसे फेडायच्या बोलीवर. तिची अट एकच, कळप मोडायचा नाही. ज्या दिवशी कागदांवर सह्या झाल्या त्या दिवशी बाबा घरी आले, बूट न काढता अंगणात गेले आणि क्षितिजाकडे बघत उभे राहिले. दिसेल तिथवर आमचंच होतं. मला वाटलं ते हसतील. ते मागे न वळता मला म्हणाले, "प्राजू, माझ्या वडिलांना हे दाखवायला हवं होतं."

आईला मात्र हे रँच नको होतं. तिला वाटलं होतं बाबा प्राध्यापक होतील, आपण एखाद्या विद्यापीठाच्या गावात राहू, आणि ती पुन्हा शिकवू लागेल. त्यात दुसरी एक गोष्ट होती आणि ती तिने बाबांना स्पष्ट विचारली. आम्ही विकत असू ते मुख्यतः पैदाशीचे वळू आणि कालवडी, पण सगळेच गोऱ्हे काही पैदाशीला लायक निघत नाहीत, आणि जे निघत नाहीत ते कुठे जातात हे तिला ठाऊक होतं. बाबांनी काही लपवलं नाही. आमच्याकडेही बाजारात विकलेला बैल कुठे जायचा ते वडिलांना ठाऊक असायचं, असं ते म्हणाले. आईने त्यावर आपला एक नियम केला. ते गोऱ्हे ट्रेलरमध्ये चढायच्या सकाळी ती स्वतः त्यांना हाताने पेंड भरवी, आणि ट्रेलर चुनखडीच्या धुळीत दिसेनासा होईपर्यंत तिथेच उभी राही. डॅलसजवळच्या प्लेनोला मराठी मंडळींच्या गणपतीच्या वेळी कुणी काकू तोंड वाकडं करून विचारायची, तुम्ही गाई पाळता म्हणजे नक्की काय करता. आई तिला सगळं सरळ सांगून टाकी. विचारणारीच मग घाईने प्रसादाकडे वळे. मला आईचा त्यासाठी अभिमान वाटे, आजही वाटतो.

आणि जेवण. भोवतालच्या शेतांत मैलोन् मैल ज्वारी उभी असे, तिकडे तिला मायलो म्हणतात, पण ती लाल आणि गुरांसाठीची. पहिल्या वर्षी आईने हट्टाने त्याच ज्वारीची भाकरी केली. ती विटकरी रंगाची झाली आणि जिभेला तुरट लागली. बाबांनी तिसरी मागून घेतली. पुढे एका शेतकऱ्याकडे पांढरी ज्वारी मिळाली आणि आमच्या घराला खरा ज्वारीचा वास आला. भुईमूगही त्याच भागात पिकतो, त्यामुळे शेंगदाण्याची चटणी बारा महिने. हिरव्या हालापिन्यो मिरच्यांचा ठेचा, तिकडच्या ठिपक्यांच्या घेवड्याची उसळ, एका गरीब गायीचं घरापुरतं दूध. गाय व्याली की खरवस. आमच्याकडे राउल नावाचा मेक्सिकन गडी होता, वयाने बाबांएवढा, घोड्यावर बसला की घोडा आणि तो वेगळे ओळखू येत नसत असा. त्याला खरवस इतका आवडे की गाय व्यायला आली की त्याची लगबग आईच्या आधी सुरू होई.

इतकी वर्षं झाली तरी पंचक्रोशीत आमच्या रँचला लोक मिस एड्नाचंच रँच म्हणत. ती वारली तरी म्हणत. तिकडची पद्धतच तशी आहे, जमीन विकली तरी नाव जुन्या मालकाचंच चालतं. बाबांना त्याचं काही नसे. आई एकदा म्हणाली, आपण इथे राहतो खरे, पण भाडेकरू म्हणून राहतो.

मी हायस्कूलच्या शेवटून दुसऱ्या वर्षात होते तेव्हा बाबांना वळूने दाबलं. वळू वाईट नव्हता, तरणा होता. मागे काहीतरी वाजलं म्हणून तो दचकून वळला आणि बाबा त्याच्या आणि लोखंडी कठड्याच्या मध्ये सापडले. खुब्याचं हाड मोडलं. राउलने त्यांना पिकअपच्या मागे गादी टाकून झोपवलं आणि डांबरी रस्त्यावर अँब्युलन्सला गाठलं. ऑपरेशन झालं, आणि मग डॉक्टरांनी सांगितलं की पुन्हा चालायला शिकण्यासाठी त्यांना शहरातल्या केंद्रात काही महिने राहावं लागेल. बाबा बिछान्यात पडल्या पडल्या आईला सूचना देत. कुठल्या रानात किती पेंड, कुठल्या हौदावर बर्फ फोडायचा. ती सगळं ऐकून घेई आणि गाडी चालवत परत येई.

प्लेनोहून अनघामावशी आणि शिरीषकाका आले. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण, काका एका मोठ्या कंपनीत. दोघं फार प्रेमाची माणसं. त्यांनी येताना श्रीखंड, चकल्या, माझ्यासाठी कोट आणला होता. जेवणं झाल्यावर काकांनी विषय काढला. "ताई, प्रॅक्टिकली विचार करा," ते म्हणाले. "हे सगळं सेल करून प्लेनोला या. आमच्या जवळच घर बघू. प्राजूला चांगलं स्कूल मिळेल. दादांना आता हे झेपणार नाही, आणि तुम्ही एकट्या काय करणार इथे?" मावशीने आईचा हात धरला होता. त्याच आठवड्यात मिस्टर हॉलिसही येऊन गेले. ते स्वयंपाकघरात टोपी गुडघ्यावर ठेवून बसले, आईचा मसाल्याचा चहा प्यायले, आणि अगदी आदराने म्हणाले की डॉक्टर बरे होईपर्यंत तुमचं गवत मी भाड्याने घेतो, कळप मी सांभाळतो, आणि मग पुढचं पुढे बघू. ते आईला मिस सनी म्हणत, कारण सुनंदा त्यांना जमत नसे. त्यात डावपेच काही नव्हते. एका बाईला आणि तिच्या शाळकरी मुलीला हे जमणार नाही, असं त्यांना मनापासून वाटत होतं. आई सगळ्यांना एकच उत्तर देत होती, की विचार करून सांगते.

तिने विचार कधी केला मला माहीत नाही, कारण मी तिला बसलेली पाहिलीच नाही. पहाटे ती आणि राउल पेंडीचा ट्रक काढत. सरकीच्या पेंडीच्या बोटभर कांड्या असतात. ट्रकचा भोंगा वाजवला की गुरं लांबून धावत येतात आणि ट्रकच्या मागे मागे चालत त्या टिपतात. आईला तो भोंगा आवडत नसे. ती खिडकीची काच खाली करून स्वतःच हाक मारी, "याऽऽ गं, याऽऽ गं सगळ्या." सुरुवातीला गुरं नुसती कान हलवून बघत. मग एक म्हातारी गाय पुढे येऊ लागली, वशिंड एका बाजूला कललेली, सगळ्या कळपाची पुढारीण. आईने तिचं नाव थोरली ठेवलं. थोरली निघाली की बाकीच्या निघत. महिनाभरात भोंग्याची गरज उरली नाही. राउल हसायचा, म्हणायचा की सेन्योरा, या गाई आता मराठी बोलायला लागतील.

नाताळात राउल त्याच्या घरी, मेक्सिकोतल्या चिवावाला गेला. दर वर्षीच जाई, आणि आईने त्या वर्षीही त्याला थांबू दिलं नाही. तो गेला आणि दोन दिवसांतच, दुपारी ऊबदार ऊन पडलेलं असताना, उत्तरेच्या क्षितिजावर निळी-काळी भिंत उभी राहिली. तिकडे त्याला नॉर्दर म्हणतात. उन्हात बाह्या वर करून काम करणारा माणूस तासाभरात गोठायला लागतो, असा तो वारा. रेडिओवर सकाळपासून सांगत होते की या वेळी वाऱ्यामागे गोठणारा पाऊस आहे, पडल्या पडल्या बर्फाची काच होणारा. दुसऱ्या जातीच्या गुरांना दाट लव असते, ती तग धरतात. आमची ब्रामा गुरं उन्हाची. कातडी पातळ, केस आखूड. ओली झाली आणि वरून तो वारा लागला की ती मरतात. आणि सगळ्या गाभण गायी, कालवडी तेव्हा सपाटीवरच्या रानात होत्या, जिथे गुडघाभर उंचीचा आडोसाही नव्हता. आडोसा पूर्वेला होता. तिथे सपाटी एकदम तुटते आणि खाली लाल मातीच्या घळी आहेत, सीडर नावाच्या सदाहरित झाडांनी दाटलेल्या. तिथे वारा पोहोचत नाही.

आईने बाबांना फोन लावला. मी तिच्या शेजारी उभी होते म्हणून पलीकडचं मला ऐकू येत होतं. बाबांनी आधी हॉलिसना बोलवायला सांगितलं. आईने त्यांना आधीच फोन केला होता. ते आपल्या लांबच्या रानात वासरांमागे गेले होते आणि संध्याकाळपर्यंत येणार नव्हते. मग बाबांचा आवाज चढला. त्यांनी सांगितलं की दोघींनी बाहेर पडायचं नाही, गुरं वाऱ्याकडे पाठ करून दक्षिणेला सरकतील, सरकू द्या.

"दक्षिणेला कोपऱ्यात काटेरी तार आहे," आई म्हणाली. "तिथे एकमेकींवर पडून मरतील. मी त्यांना खाली उतरवते." आणि बाबांचं बोलणं पुरं व्हायच्या आत, पण अगदी हळुवारपणे, तिने फोन ठेवला. माझ्याकडे वळून म्हणाली, "बिस्किटवर खोगीर घाल. कानटोपी घाल."

बिस्किट माझी घोडी. मी तिच्यावर बसून सपाटीवर पोहोचले तोवर आईचा ट्रक पुढे गेला होता. ऊन अजून होतं. मग ते कुणीतरी दिवा मालवावा तसं गेलं आणि वारा आला. मला तो पाठीत कुणी ढकलल्यासारखा लागला. बिस्किटने मान खाली घातली. गुरांनी चरायचं थांबवलं होतं. सगळ्यांची तोंडं दक्षिणेकडे वळत होती. आईने मला एकच काम दिलं होतं. कळप पूर्वेला निघाला की मी दक्षिणेच्या बाजूने चालायचं आणि कुणालाही वाऱ्याबरोबर जाऊ द्यायचं नाही. तिने भोंगा वाजवला. वाऱ्याने तो आवाज उचलून भलतीकडे नेला. मी इतक्या जवळ असून मला तो अर्धाच ऐकू आला. मग तिने ट्रक थोरलीच्या पुढ्यात आडवा नेला, काच खाली केली, आणि तिची हाक आली. सांगोल्याच्या पटांगणावरची ती हाक. वाऱ्याला आडवी जाऊन ती सरळ आली, तिच्यातला एकही स्वर विस्कटला नाही. थोरलीने मान वर केली, दक्षिणेकडे एकदा पाहिलं, आणि ट्रकच्या मागे निघाली.

त्यानंतरचं सगळं मला एका लांब ओळीसारखं आठवतं. करड्या पाठी, हलणारी वशिंडं, माझ्या उजव्या हाताला मोकळं रान आणि डाव्या हाताला कळप. एखादी कालवड तोंड फिरवी, मी घोडी पुढे घाली, ती परत ओळीत जाई. तळहात लगामावर वळून राहिले होते. पाऊस सुरू झाला तेव्हा थेंब लागले नाहीत, बारीक खडे लागावेत तसं टोचलं, आणि बिस्किटच्या आयाळीवर काच चढायला लागली. आम्ही कड्याच्या तोंडाशी पोहोचलो तोवर चुनखडीचा उतार चकाकत होता. जड ट्रक त्या उतारावर नेला असता तर घसरत खाली दरीतच गेला असता. आई क्षणभर थांबली. मग उतरली, पेंडीचं पोतं खांद्यावर घेतलं, आणि पायी पुढे झाली.

गुरं कड्याशी येऊन थबकली. उतार अरुंद, खाली अंधारी झाडी, आणि बाजूने वारा. मी मागे होते आणि मला दिसत होतं की पुढच्या थांबल्या म्हणून मागच्या दक्षिणेकडे फुटायला लागल्या आहेत. मी ओरडत होते, पण काय ओरडत होते ते मलाच ऐकू येत नव्हतं. आई उताराच्या मध्यावर जाऊन मागे वळून उभी राहिली, छोटीशी, बाबांच्या मोठ्या जॅकेटमध्ये बुडालेली. ती हाका मारत राहिली. घाई नाही, भीती नाही. मधल्या सुट्टीनंतर मुलांना वर्गात बोलवावं तशी. थोरलीने एक खूर उतारावर टाकून पाहिला. तो घसरला, तिने तो परत टाकला. मग ती उतरली. तिच्या मागे दुसरी, मग तिसरी, आणि मग सगळा कळप पाण्यासारखा त्या अरुंद वाटेने खाली ओघळायला लागला.

सगळ्या आल्या असं मी लिहू शकत नाही. शेवटी काही कालवडी बुजल्या आणि फुटल्या. मी त्यांच्यामागे घोडी घातली, बहुतेक वळवल्या; दोन वाऱ्याबरोबर गेल्या आणि त्या करड्या पावसात दिसेनाशा झाल्या. मी त्यांच्यामागे जाणार होते. पण उतारावरून आईने माझं नाव घेऊन हाक मारली, आणि माझी घोडीसुद्धा त्या हाकेसरशी वळली. आम्ही खाली झाडीत पोहोचलो तेव्हा तिथे वारा नव्हता. फक्त शेकडो श्वासांचा वाफाळ उबट वास आणि जनावरांच्या पायांखाली मोडणाऱ्या काटक्यांचा आवाज. आईने पोतं फाडून कांड्या पसरल्या. तिच्या भुवयांवर बर्फ होता. मी तिला विचारलं की आता घरी कसं जायचं. ती म्हणाली, "घोडी आहे ना," आणि माझ्या मागे बसली. त्याआधी ती आयुष्यात कधी घोड्यावर बसली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सगळं रान काचेचं होतं. पवनचक्की मुकी झाली होती. दुपारी मिस्टर हॉलिस ट्रॅक्टर घेऊन आले. त्यांना वाटलं होतं की दक्षिणेच्या कोपऱ्यात काय सापडेल ते त्यांना ठाऊक आहे, आणि ते एकट्या आईला बघायला लागू नये म्हणून ते आधी तिथेच गेले होते. तिथे त्यांना त्या दोन कालवडी मरून पडलेल्या मिळाल्या, आणखी काहीच नाही. आई त्यांना कड्यावर घेऊन गेली. खाली सीडरच्या झाडीत कळप रवंथ करत बसला होता, वाफ निघत होती. हॉलिस काठापर्यंत जाऊन खाली वाकले. मग त्यांनी विचारलं, यांना खाली कुणी आणलं. आईने तिच्या इंग्रजीत सांगितलं, मी बोलावलं, त्या आल्या. त्यांनी टोपी काढली. त्या थंडीत ती त्यांनी काढली आणि हातातच ठेवली. "मिस सनी," ते म्हणाले, "वसंतात वासरं डागायला, लस टोचायला काढाल, तेव्हा दिवस कळवा. मी माझी माणसं घेऊन येतो." गवत भाड्याने घेण्याचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. तिकडे एकमेकांच्या गुरांच्या कामाला जाणं ही बरोबरीच्या माणसांची रीत आहे. आमच्याकडे तोवर राउलखेरीज कुणी आलेलं नव्हतं. मला ते तेव्हा पुरतं कळलं नाही, पण आईला कळलं. घरी परत येताना ती ट्रकमध्ये गुणगुणत होती. त्या दोन कालवडींपाशी मात्र ती आधी जाऊन आली, आणि तिथे मला तिने बरोबर नेलं नाही.

मावशीला तिने फोनवर सांगितलं की आम्ही प्लेनोला गणपतीला येऊ, राहायला नाही. वसंतात हॉलिस आले, त्यांच्याबरोबर आणखी दोन रँचची माणसं आली. आईने अंगणात लांब टेबलं मांडली, घेवड्याची उसळ, भात, भाकऱ्या आणि ठेचा वाढला. टोप्या काढून सगळे मुकाट जेवले आणि ठेच्याने डोळ्यांत पाणी आलेल्या एका आडदांड गड्याने पुन्हा ठेचाच मागितला. त्या दिवशी एकजण दुसऱ्याला पत्ता सांगत होता. मी पाण्याचे ग्लास भरत होते आणि ते माझ्या कानावर पडलं. तो मिस सनीचं रँच म्हणाला. मी आत जाऊन आईला सांगितलं. ती म्हणाली, "बरं, भात बघ," पण तिचे कान लाल झाले होते. पुढच्या वर्षी मी विद्यापीठात गेले. प्रवेशाच्या अर्जातल्या निबंधात मी या सगळ्यातलं काहीच लिहिलं नव्हतं. ते माझं नव्हतंच, ते तिचं होतं. आता ती सत्तरीच्या घरात आहे आणि कळप अजून मोडलेला नाही.

त्याच वसंताच्या सुरुवातीला बाबा घरी आले तेव्हा गवत नुकतं हिरवं व्हायला लागलं होतं. ते काठी घेऊन चालत होते, खुबा आखडलेला होता आणि तो तसाच राहणार होता. आल्या आल्या त्यांना कळप बघायचा होता. ते पेंडीच्या ट्रकपाशी गेले, सवयीने स्टिअरिंगच्या बाजूचं दार उघडलं, आणि आत पाहिलं. आई तिथे बसली होती. त्यांनी दार हळूच लावलं, वळसा घालून पलीकडून चढले. मी मध्ये. रानात गेल्यावर बाबांनी भोंग्याकडे हात नेला. आईने काच खाली केली आणि हाक मारली. थोरली पुढे, मागून सगळ्या, काहींच्या पायांत नवी वासरं. बाबांनी त्यांच्याकडे बघितलं, मग आईकडे. "या तुझ्या झाल्या," ते म्हणाले. त्यात खंत असेल म्हणून मी त्यांचा चेहरा बघितला. तिथे मला तोच माणूस दिसला, कुंपणावरून हात घालून गायीला खाजवणारा.

आम्ही पुढच्या रानाकडे निघालो आणि मध्ये फाटक आलं. रँचवर न सांगता सगळ्यांनी पाळायचा एक कायदा आहे. जो गाडी चालवतो तो बसून राहतो, आणि जो दाराशी बसलेला असतो तो उतरून फाटक उघडतो. आईने ट्रक थांबवला. बाबांच्या मांडीवर काठी होती. मी उतरायला वळले तर आईने माझ्या गुडघ्यावर हात ठेवून मला बसवलं आणि समोर बघत म्हणाली, "अहो, फाटक."

बाबा उतरले. काठी टेकत, हळूहळू, ते फाटकापर्यंत गेले आणि साखळी सोडली. त्यांना वेळ लागला. आईने इंजिन चालू ठेवलं होतं आणि ती त्यांच्याकडे पाहत होती. ट्रक जायला पुरेल इतकं फाटक उघडल्यावर बाबा ते धरून ताठ उभे राहिले, आणि आम्ही त्यांच्यासमोरून आत जात असताना त्यांनी आईला टोपीला हात लावून सलाम केला.